पंधरा दिवस सामान ठेवायला जागा द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एक छायाचित्र आलं होतं. वसतिगृहाच्या फाटकाबाहेर पडलेली तीन टेबलं, एक उलटी खुर्ची आणि पावसाने खालून फुगलेलं पुस्तकांचं कपाट. खाली ओळ होती, ‘शिक्षण संपलं, सामान रस्त्यावर, विद्यार्थ्यांची बेफिकिरी’. त्यातलं कपाट माझं नव्हतं. पण अगदी तसंच एक कपाट दोन वर्षांपूर्वी मी अशाच एका फाटकापाशी ठेवून आले आहे, आणि त्या रात्री माझी गाडी सुटल्यावर मला रडू आवरलं नव्हतं. म्हणून ती ओळ वाचून गप्प बसवलं नाही. पत्र लांबणार आहे, पण जमल्यास पूर्ण छापावं ही विनंती.

मी संशोधक विद्यार्थिनी आहे. एका संस्थेत पाच वर्षं काढल्यावर पुढच्या कामासाठी मला १४०० किलोमीटर दूर जायचं होतं. माझ्याकडे एक लिहायचं टेबल, एक खुर्ची, एकजणाचा लाकडी पलंग, फोमची गादी, पुस्तकांचं उघडं कपाट आणि चार खोकी पुस्तकं होती. एवढाच संसार. त्यातलं टेबल भरीव लाकडाचं आहे. मी ते वसतिगृह सोडून जाणाऱ्या एका ताईकडून घेतलं, तिने तिच्या आधीच्या मुलीकडून घेतलं होतं. फळी उलटी केली तर खालच्या अंगाला पेन्सिलीने लिहिलेली चार नावं आणि चार सालं दिसतात, पाचवं नाव माझं. हे टेबल टाकून जायचं नाही, एवढंच मी सुरुवातीला ठरवलं होतं. बाकी काहीच माहीत नव्हतं.

पहिल्यांदा पूर्ण गाडीचं भाडं विचारलं. आकडा माझ्या तीन महिन्यांच्या विद्यावेतनाएवढा निघाला. मग वाटलं, निदान टेबल तरी पार्सलने पाठवू. वजनकाट्यावर आधी मी एकटी उभी राहिले, मग टेबल उचलून धरून. फरक २२ किलो आला. फोनवर तसं सांगितलं, तर पलीकडच्या माणसाने वजनाकडे लक्षच दिलं नाही. लांबी, रुंदी, उंची विचारली आणि म्हणाला, ‘१०८ किलो धरावे लागतील.’ हा सरळसरळ फसवतोय असं वाटून मी फोन ठेवला. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, तिथेही १०८. तिसऱ्या ठिकाणी एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी मला तोडलं नाही. म्हणाले, ‘ताई, गाडी वजनाने भरायच्या आधी जागेने भरते. तुमचं टेबल आत उभं राहिलं, की त्याच्या पोटात मी दुसऱ्याचं काय ठेवू?’

त्या एका वाक्याने माझा सगळा गोंधळ मिटला. टेबल १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ७५ उंच. गुणाकार केला की ५,४०,००० घनसेंटिमीटर होतात. कुरिअर आणि पार्सलवाले साधारणपणे या आकड्याला ५००० ने भागतात (हवाई मालवाहतुकीत बहुधा ६००० ने) आणि जो भागाकार येतो त्याला ‘व्हॉल्युमेट्रिक’ वजन म्हणतात. खरं वजन आणि हे वजन यांतलं जे जास्त असेल, त्यावर पैसे. ५,४०,००० भागिले ५००० म्हणजे १०८. माणूस खरं बोलत होता. माझं टेबल म्हणजे वर एक फळी, चार पाय आणि मध्ये भरपूर हवा, आणि त्या हवेचंही भाडं लागणार होतं.

मग त्याच गृहस्थांनी विचारलं, ‘पाय सुटतात का?’

मला माहीत नव्हतं. पाच वर्षं त्या टेबलावर लिहिलं, पण ते जोडलंय कसं हे कधी वाकून पाहिलं नव्हतं. संस्थेत दुरुस्तीला येणाऱ्या सुतारकाकांना दाखवलं. त्यांनी टेबल आडवं केलं, कोपऱ्यातल्या लोखंडी पट्टीवर टॉर्च मारला आणि म्हणाले, ‘हे सुटायलाच बनवलंय.’ एका पायाला दोन बोल्ट, म्हणजे एकूण आठ. फळीच्या खालच्या पट्ट्यांना दहा स्क्रू. एक पाना आणि एक पेचकस, पाऊण तासाचं काम. सुटे पाय आणि पट्ट्या फळीच्या पोटाशी लावून, मध्ये जुनी चादर घालून बांधल्यावर गठ्ठा झाला १२२ बाय ६२ बाय ९ सेंटिमीटरचा. त्याचं हिशेबी वजन १३.६ किलो. आता खरं वजनच जास्त भरत होतं, म्हणून भाडं २२ किलोचं. टेबल तेच, लाकूड तेवढंच, आणि जागा जवळजवळ आठपट कमी.

ही युक्ती काही आजची नाही. व्हिएन्नाचे थोनेट वाफेवर लाकूड वाकवून खुर्च्या करत. १८५९ मध्ये त्यांनी काढलेली १४ क्रमांकाची खुर्ची सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यांत होत असे. सुटे भाग भरले, की एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावत आणि पोहोचल्या ठिकाणी जोडल्या जात. म्हणजे एका खुर्चीला जेमतेम एक घनफूट जागा. माझी साधी खुर्ची, जिचा एकही सांधा सुटत नाही, तिने जवळजवळ सात घनफूट अडवले. पुढे १९५६ मध्ये स्वीडनमध्ये आयकियाचे गिलिस लुंडग्रेन यांनी मोटारीत मावत नाही म्हणून टेबलाचे पाय काढले, आणि तिथून सपाट खोक्यातल्या फर्निचरचा त्या कंपनीचा मोठा धंदा उभा राहिला, हा किस्सा बऱ्याच जणांना ठाऊक असेल. मलाही तो ठाऊक होता. पण माझ्या खोलीतल्या टेबलाशी त्याचा काही संबंध आहे, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

एका रविवारी मैत्रिणीला बोलावून सगळं सामान मोजलं. जसंच्या तसं उभं धरलं तर टेबल १९ घनफूट, पलंग २६, कपाट १५, खुर्ची ७, गादी ९. एकूण ७६. सोडून बांधल्यावर टेबल अडीचच्याही आत, पलंग ५, कपाट २, खुर्ची तेवढीच ७, आणि हवा काढून गुंडाळलेली गादी ३. एकूण वीसच्याही खाली. पूर्ण गाडीऐवजी दोन-तीन घरांचं सामान मिळून नेणाऱ्या गाडीत मी एवढी जागा मागितली. भाडं महिन्याच्या विद्यावेतनाच्या तिसऱ्या हिश्श्यावर आलं. तीन महिन्यांवरून दहा दिवसांवर! त्या संध्याकाळी आम्ही दोघी त्या कागदाकडे कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

इथे थोडं सामानाबद्दल लिहिते, कारण पुढच्या वर्षी कुणीतरी हेच करणार आहे आणि मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

भरीव लाकूड आणि बोल्टचे सांधे असतील तर वस्तू कितीही वेळा सोडावी, जोडावी. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं तसं नाही. त्यात स्क्रू थेट भुशात रुततो. एकदा काढून पुन्हा पिळला की पकड कमी होते, आणि दोन-तीन वेळा तसं झाल्यावर भोक नुसतं पोकळ राहतं. (सुतारकाकांचा उपाय मी नंतर वापरला आणि तो टिकला आहे. लाकडाच्या काडीला सुताराचा पांढरा गोंद लावून भोकात ठोकायची, वाळू द्यायची आणि मगच स्क्रू पिळायचा.) ज्यांत अर्ध्या फेऱ्यात आवळणारी गोल कळ असते, ती कपाटं जरा बरी सुटतात, पण तिथेही कळ पूर्ण सैल न करता फळी ओढली की कड फुटून येते. शिवाय हा बोर्ड जड असतो. ९० सेंटिमीटर रुंद आणि १८० उंच अशा दोन दारांच्या कपाटाला १८ मिलिमीटर जाडीचा बोर्ड वापरला असेल, तर त्याचं वजन ७० किलोच्या आसपास भरतं. आणि कडेला एकदा पाणी लागलं की तो फुगतो, वाळल्यावरही पुन्हा सपाट होत नाही. आपल्या छायाचित्रातल्या कपाटाचं नेमकं तेच झालेलं दिसतं.

कपाटाच्या पाठीची पातळ फळी फालतू वाटते. ती काढून कपाट उभंच न्यायचं असं पुष्कळ जण करतात, आणि तिथेच चुकतात. तीच फळी कपाटाला काटकोनात धरून ठेवते. ती काढली तर कपाट पूर्ण सोडावं, नाहीतर तिला हात लावू नये. मधल्या अवस्थेत गाडी हलली की सगळे सांधे तिरपे होऊन निखळतात.

सोडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढावा. फळ्यांच्या न दिसणाऱ्या बाजूला पेन्सिलीने ‘डावी, वर’ असं लिहावं. एका वस्तूचे बोल्ट एका पिशवीत घालावेत आणि ती पिशवी त्याच वस्तूच्या सर्वांत मोठ्या फळीला बांधावी. चिकटपट्टीने डकवू नये, पॉलिश निघून येतं. माझ्या मैत्रिणीने सगळ्या वस्तूंचे बोल्ट जपून एकाच डब्यात ठेवले आणि पोहोचल्यावर एक अख्खा दिवस लांबी ताडून पाहण्यात घालवला. पॉलिशवर थेट प्लास्टिक गुंडाळू नये. दोन-तीन दिवस ऊन लागलं की आतला दमटपणा तिथेच कोंडतो आणि पांढरे डाग पडतात. आधी कापड, मग प्लास्टिक. गाडीत फळ्या कडेवर उभ्या राहतील असं बघावं. आडवी ठेवली की तिच्यावर कुणीतरी काहीतरी जड ठेवतंच.

गादी फोमची असेल तर हवा काढून गुंडाळता येते, मात्र पोहोचल्याबरोबर सोडावी. स्प्रिंगची किंवा काथ्याची असेल तर दुमडायचीच नाही. पुस्तकं लहान खोक्यांत भरावीत. एक घनफुटाचं खोकं पुस्तकांनी भरलं की पंधरा-वीस किलो होतं, त्याहून मोठं खोकं उचलताना तळ सुटतो. अनेक देशांत टपालखातं छापील पुस्तकांना वेगळा, स्वस्त दर लावतं, तेव्हा पुस्तकं टपालाने जातात का हे आधी विचारावं.

हे सगळं मी शिकले, पैसेही जमवले, गाडी ठरवली. तरीही माझं कपाट फाटकापाशी राहिलं, ते कसं, हे सांगण्यासाठी मी हे पत्र लिहिते आहे.

सामाईक गाडी स्वस्त पडते, कारण ती तुमच्यासाठी निघत नाही. पुरेसं सामान जमलं की ती निघते, किंवा कुठेतरी माल टाकून रिकामी परतणारी गाडी तुमच्या वाटेवर असली की येते. मला सांगितलं होतं, ‘१२ ते २४ तारखेच्या दरम्यान कधीही, आदल्या दिवशी फोन येईल.’ वसतिगृहाची खोली १० तारखेला संध्याकाळी पाचच्या आत रिकामी करायची होती. स्वस्त गाडीची तारीख नक्की नसते आणि वसतिगृहाची तारीख हलत नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत तो १० तारखेची पूर्ण गाडी ठरवतो. ज्याच्याकडे नाहीत, त्याचं सामान मधले दोन आठवडे ठेवायला कुठेच जागा नसते. आपल्या छायाचित्रातली टेबलं त्या दोन आठवड्यांत अडकली.

मी कार्यालयात गेले. तिथल्या मॅडम चांगल्या होत्या, पण त्यांचं उत्तर एकच, ‘नियमात तशी सोय नाही.’ विभागप्रमुखांची परवानगी न घेता मी प्रयोगशाळेच्या जिन्याखाली गठ्ठे ठेवले. दुसऱ्या दिवशी सुरक्षा विभागाने ते हलवायला लावले. त्यांचं बरोबर होतं. आग लागली तर लोक त्याच जिन्याने खाली येणार, तिथे लाकूड रचून ठेवणं ही माझी चूक होती. मग एका धाकट्या मैत्रिणीने तिच्या खोलीत जागा दिली. तिच्या पलंगाखाली माझा पलंग गेला, भिंतीशी टेबलाचा गठ्ठा, दारामागे खुर्ची. तिची खोलीतली सहकारी बिचारी पाच दिवस आडवी होऊन आत-बाहेर करत होती. कपाटाच्या फळ्या मात्र १८० सेंटिमीटर लांब, त्या त्या खोलीत कुठेच बसेनात. पाचव्या दिवशी त्या दोघींनाही खोली सोडायची होती. मी त्या दिवशी तिथे जाऊन बाकीचं सामान गाडी येईपर्यंत एका सरांच्या घरी हलवलं. त्यांच्या घराचा जिना अरुंद होता, कपाटाच्या लांब फळ्या त्यातून वर जाईनात. कपाट पुन्हा जोडलं, पुसलं, फाटकापाशी झाडाखाली ठेवलं आणि त्यावर कागद लावला, ‘चांगलं आहे, हवं त्याने घ्यावं.’ त्या रात्री पाऊस आला. कुणी नेलं की नाही, ते मला आजतागायत माहीत नाही.

गाडी २१ तारखेला आली.

आणि महिन्याभराने, नव्या वर्षाची मुलं त्याच वसतिगृहात राहायला आली, तेव्हा त्यांनी नवीन कपाटं विकत घेतली. त्यांतली बरीचशी त्याच भुशाच्या बोर्डाची, जी तीन-चार वर्षांनी पुन्हा फाटकापाशी येणार. हे मी मागे राहिलेल्या मैत्रिणींकडून ऐकलं आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. टाकणाऱ्याकडे दोन आठवडे नव्हते आणि घेणाऱ्याला ते तिथे होतं हे कळलंच नाही. आपल्या वार्ताहराला यात बेफिकिरी दिसली. त्यांनी एकदा त्या फाटकापाशी १० तारखेच्या संध्याकाळी उभं राहावं, अशी माझी मनापासून विनंती आहे.

नव्या जागी पोहोचल्यावरचंही थोडं सांगते, कारण त्यात दुसरी एक तक्रार आहे. भाडं तोंडी ठरलं होतं. सामान उतरवताना मला सांगण्यात आलं की जिने चढायचे पैसे वेगळे, आणि ‘नग’ सांगितल्यापेक्षा जास्त आहेत. नग जास्त नव्हते. मी टेबल एक नग म्हणून सांगितलं होतं, त्यांनी फळीचा गठ्ठा आणि मागाहून वेगळी बांधलेली पट्टी असे दोन मोजले. माझ्याकडे कागद नव्हता, पैसे द्यावे लागले. गाडीवाल्याची नियत खोटी होती असं मी म्हणत नाही. लिहून काहीच नव्हतं, त्यामुळे आम्ही दोघंही आपापल्या परीने खरं बोलत होतो. त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगते: एकूण घनफूट, नगांची यादी, किती जिने, लिफ्ट आहे का आणि कुठल्या तारखांच्या दरम्यान, एवढं दोघांच्या सहीने लिहून घ्या, आणि गठ्ठे बांधून झाल्यावरच नग मोजा. विमा घेणार असाल तर तुम्ही स्वतः बांधलेल्या सामानाची तूटफूट त्यात धरली आहे का, हे विचारा. पुष्कळदा ती धरलेली नसते.

पलंगाची उशाकडची बाजू जिन्याच्या वळणावर अडली, तेव्हा माझ्याबरोबर गणिताचा अभ्यास करणारी एक मैत्रीण होती. ती तिथेच पायरीवर टेकून सांगू लागली, की काटकोनात वळणाऱ्या बोळातून सपाट धरून सरकवत नेता येईल असा मोठ्यात मोठा सोफा केवढा, हा प्रश्न लिओ मोझर या गणितज्ञाने १९६६ मध्ये मांडला. १९९२ मध्ये जोसेफ गर्व्हर यांनी एक आकार शोधला. बोळाची रुंदी १ धरली तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे २.२१९५ भरतं. याहून मोठा आकार शक्य नाही, याची सिद्धता जिनऑन बेक या तरुण गणितज्ञाने थेट २०२४ मध्ये मांडली. जिन्यात आम्हाला एक सोय होती, जी त्या बोळात नाही. आम्ही वस्तू उभी करू शकत होतो. उभी केली, कर्णाने तिरकी केली, आणि ती निघाली. तरी माझं म्हणणं एवढंच, की दार, लिफ्ट आणि जिन्याचं वळण या तिन्हींची मापं आधी मागवावीत. १४०० किलोमीटर आलेली वस्तू शेवटच्या बारा पायऱ्यांवर अडली, तर ती परत न्यायला कुणी येत नाही.

आता माझं मागणं. संस्थांनी वर्षाच्या शेवटी एक खोली पंधरा दिवस द्यावी. कायमची नको, नवीन बांधायला नको. सुट्टीत वर्ग रिकामेच असतात. बारा फूट बाय दहा फुटांची आणि नऊ फूट उंचीची खोली धरा. १०८० घनफूट होतात. जायला-यायला वाट म्हणून तिसरा हिस्सा सोडला तरी ७२० उरतात. माझ्यासारखं सोडून बांधलेलं सामान माणशी वीस घनफूट धरलं, तर एका लहानशा खोलीत ३६ विद्यार्थ्यांचं सामान मावतं. (थोनेटच्या खोक्यातल्या खुर्च्यांइतकंच, हे आत्ता लिहिताना माझ्या लक्षात आलं.) अट एकच ठेवा, सामान सोडलेलं आणि बांधलेलं असलं पाहिजे. उभं टेबल घेऊ नका. एक वही, एक कुलूप, प्रत्येक गठ्ठ्यावर नाव आणि उचलण्याची शेवटची तारीख. त्या तारखेपर्यंत न नेलेलं सामान नव्याने येणाऱ्या मुलांना द्यावं, असं आधीच लिहून घ्यावं.

कार्यालयाच्या काळज्या मला समजतात. चोरी झाली तर जबाबदार कोण, म्हणून आत काय आहे याचे फोटो आणि ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ अशी सही घ्या, आणि विजेच्या वस्तू घेऊच नका. ढेकणांची काळजी तर अगदी खरी आहे. एका पलंगाच्या सांध्यातून ते ३६ जणांच्या सामानात जातील. म्हणून गाद्या प्लास्टिकमध्ये पूर्ण बंद केलेल्याच घ्याव्यात, आणि पलंग सोडताना स्क्रूच्या भोकांत, सांध्यांत काळे बारीक ठिपके दिसले तर तो सरळ नाकारावा. जुना पलंग विकत घेतानाही तिथेच पाहायचं असतं. पलंग सोडून पाहिल्याशिवाय ते कळत नाही, हे आणखी एक कारण सोडूनच घेण्याचं.

फर्निचर विकणाऱ्यांकडेही एक मागणं आहे. जोडलेल्या वस्तूची लांबी-रुंदी-उंची तुम्ही छापता. त्याच्याच खाली सुटी केल्यावर ती किती जागा घेते, वजन किती, आणि कुठलं हत्यार लागतं, या तीन गोष्टी छापा. विद्यार्थी वस्तू घेतो तेव्हाच त्याला ठाऊक असतं की तीन-चार वर्षांनी ती कुठेतरी दूर न्यायची आहे. हे आकडे समोर असते, तर मी ते कपाट घेतलं नसतं आणि न सुटणारी ती खुर्चीही घेतली नसती.

माझ्या वस्तूंची सगळी मापं, गठ्ठे कसे बांधले त्याचे फोटो आणि गाडीवाल्याबरोबर करायच्या लेखी यादीचा नमुना मी नीट लिहून ठेवला आहे. एखाद्या संस्थेला अशी खोली उघडायची असेल, तर हे कागद मी आपल्या कार्यालयात पाठवून देईन. आपण ते कृपया त्यांच्यापर्यंत पोहोचवावेत. पुढची १० तारीख यायला अजून सात आठवडे आहेत.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी